सहाच्या आत खोका

सायकल खोक्यात भरायला आम्ही दुकानात दोन तास धरतो. त्यात चहा आला, गिऱ्हाइकाचा 'जपून हं' आला, वजनकाटा शोधणंही आलं. १७ ऑगस्ट २०२३ च्या गुरुवारी काका पाऊण वाजता सायकल घेऊन आले आणि म्हणाले, "सहाला मुंबईची गाडी दारात येतेय. रात्री अडीचचं विमान आहे." मी घड्याळ पाहिलं. पाच तास हाताशी होते. म्हटलं, आरामात होईल.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. साठी ओलांडलेली. निघाले होते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पॅरिसजवळच्या रांबुयेहून निघायचं, पश्चिमेला समुद्रकाठच्या ब्रेस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. सुमारे १२०० किलोमीटर, नव्वद तासांत. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालं. पहिल्या वर्षीचा विजेता शार्ल तेराँ मिशेलिनच्या काढता-घालता येणाऱ्या हवेच्या टायरवर सुमारे एकाहत्तर तासांत आला होता. टायरवाल्यांना हे नाव माहीत असायला हवं, पण आमच्या लाईनीत कुणाला विचाराल तर नाही. आता शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. दर चार वर्षांनी होतं, जगभरातून सहा हजारांवर माणसं जमतात आणि त्यात आपल्याकडची दोनशेहून जास्त असतात.

बरं, पैसे भरले की नाव लागलं असंही नाही. त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, कराव्या लागतात. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस. शिवाय आधीच्या वर्षी ज्याने जास्त लांबची ब्रेवे केली असेल त्याला नावनोंदणीची खिडकी आधी उघडते. म्हणजे तयारी दोन वर्षं आधी सुरू. काकांनी ६०० उन्हाळ्याच्या तोंडावर केली, रात्री डोक्यावर ओला पंचा टाकून. मग प्रत्येक ब्रेवेचा मान्यता क्रमांक पॅरिसच्या क्लबकडून यायचा, तो अर्जात भरायचा. पैसे भरताना काकांचं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड परदेशी व्यवहाराला बंदच येतं, ते आपण चालू करून घ्यावं लागतं. हे काकूंनी शोधून काढलं. काका तोवर फ्रेंच लोकांना नावं ठेवत होते.

आणि व्हिसा. त्या उन्हाळ्यात शेंगेन व्हिसाची, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाची, तारीख मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. काकांना मिळाली ती जुलैच्या शेवटी, तीही काकू पहाटे उठून लॅपटॉपसमोर बसल्या म्हणून. पासपोर्ट जमा झाला आणि गप्प झाला. ऑगस्टचा मध्य आला. १५ तारखेला आपला स्वातंत्र्यदिन, फ्रान्समध्येही त्या दिवशी सुट्टी. १६ ला पारशी नववर्ष. पासपोर्ट हातात पडला गुरुवारी सकाळी अकराला, आणि रांबुयेतली सुरुवात रविवारी.

"अधिकात अडलं ते निजात सुटलं," काकू दुकानाच्या स्टुलावर फाईल मांडीवर घेत म्हणाल्या. आदल्या दिवशीच अधिक श्रावण संपला होता.

मी काकांना जुलैपासून सांगत होतो, सायकल आणून टाका, मी निवांत भरून ठेवतो. व्हिसा आला नाही तर परत जोडून देईन. पण काकांचं एकच, व्हिसाआधी खोका आणायचा नाही. पाटबंधारे खात्यात धरणं बांधलेला माणूस, पण हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. निवृत्त इंजिनिअरांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

सायकल स्टँडवर चढवली. जुन्या पद्धतीची पोलादी फ्रेम, मडगार्ड, पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा चाकाचा मधला तुंबा. पेडल काढली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मी पोऱ्याला दर वेळी सांगतो आणि तो दर वेळी आधी चुकीकडेच पाना फिरवतो. डायनॅमोची वायर सोडवली. हँडल काढून पाईपला बांधलं. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, हँगरवरून, म्हणजे फ्रेमच्या त्या कानावरून, सोडून फोममध्ये गुंडाळला आणि मागच्या त्रिकोणात आत बांधून टाकला, कारण विमानतळावर खोका आपटला की सगळ्यात आधी हँगर वाकतो. फोम म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाईपवर घालतात ती काळी नळी. फ्रेमच्या पाईपवर ती अशी बसते जणू त्यासाठीच केलीय, आणि विकतच्या पॅडिंगपेक्षा कितीतरी स्वस्त.

मग सीट. आधी उंची मोजली, क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे बसतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७१.५ सेंटीमीटर. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारली. काका शेजारी उभे राहून टेप स्वतः वाचत होते. क्लॅम्पचा बोल्ट सैल केला, सीट धरली आणि वळवली.

ढिम्म.

दोन्ही हातांनी वळवली. पोऱ्याने फ्रेम धरली, मी सीटवर पोट टेकून जोर लावला. केसभरही नाही. काकांनी सायकल चार पावसाळे चालवली होती. ताम्हिणी, वरंध, कोकण, गोवा. सीटची उंची त्यांनी एकदा ठरवली ती ठरवली, पोस्ट एकदाही बाहेर काढली नव्हती. पोलादी पाईप, आत ॲल्युमिनियमची पोस्ट, मध्ये घाम आणि पावसाचं पाणी. दोन धातू असे ओले राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरी राख धरते, ती फुगते आणि मग दोन्ही एकजीव होतात. आमच्या भाषेत, पोस्ट पकडली.

"तशीच राहू दे की," काका म्हणाले.

तशी राहिली असती तर सायकल खोक्यात मावली नसती. नव्या सायकलचा खोका येतो तो सीटपोस्ट काढून ठेवण्याच्या हिशोबाने. पोस्ट वर ठेवायची तर खोका वीत-दीड वीत वाढवावा लागणार, आणि विमान कंपनीला कळवलेली मापं आधीच ठरलेली. ही मापंही सरळ मिळाली नव्हती. काकूंनी कॉल सेंटरला दोनदा फोन केला. एक मुलगी म्हणाली, तेवीस किलोच्या आत असेल तर नेहमीच्या बॅगेत धरू. दुसरा म्हणाला, वेगळे पैसे भरावे लागतील. काकू म्हणाल्या, "मला लेखी द्या." त्यांनी ते ईमेलवर मिळवलं, छापलं आणि फाईलमध्ये लावलं. त्या कागदावर खोक्याची लांबी-रुंदी-उंची होती. काउंटरवरच्या माणसाशी रात्री बारा वाजता वाद घालायची माझ्या गिऱ्हाइकावर वेळ येऊ नये असं मला वाटत होतं.

अडीच वाजले. सांध्यावर गंज सोडवायचं तेल सोडलं. हे तेल रात्रभर मुरवायचं असतं, आमच्याकडे अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात बाकीचं आवरलं: चाकांची हवा कमी केली, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा बसवला, चेनला जुन्या बनियनचं फडकं गुंडाळलं. सीट पोस्टवरून सोडवली आणि पोस्टचं डोकं टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये आवळलं. सायकल आडवी धरून मी आणि पोऱ्या दोन बाजूंनी फ्रेमच फिरवायला लागलो. फ्रेमएवढा लांब पाना दुसरा मिळत नाही. टेबल हललं. पोस्ट नाही हलली.

पोऱ्याने ब्लो टॉर्च आणला.

"ठेव तो," मी आणि काका एकदमच म्हणालो. मी रंगाच्या काळजीने. काकांनी मात्र पेन काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तापवलं तर आतली पोस्टच जास्त फुगेल आणि पकड घट्ट होईल. "थंड कर. आतून थंड कर."

बरोबर होतं. पण आतून थंड करायचं कशाने? बर्फ भरावा तर पाणी होऊन खाली जाणार. आइस्क्रीमवाल्याकडे कोरडा बर्फ असतो म्हणून पोऱ्याला पिटाळलं, तो हात हलवत परत आला. साडेतीन झाले होते. काकू तेवढ्यात काकांच्या पाठीवरच्या बॅगेची झडती घेत होत्या: पासपोर्ट, तीस हजार युरोंचा विमा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पुढचे-मागचे दिवे. सुरुवातीआधी तिथे सायकल तपासतात, त्यात दिवे आणि जॅकेट बघतात. तपासणीची वेळ नोंदणीतच दिलेली असते.

"पॉवर बँक हातातल्या बॅगेत," मी म्हणालो. "लिथियमची बॅटरी खोक्यात टाकली तर खोका उघडतात."

"आणि ही?" त्यांनी चार छोटी काडतुसं टेबलावर ठेवली. टायरमध्ये झटक्यात हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची, प्रत्येकी सोळा ग्रॅमची.

"ती काढा. कंपनीची परवानगी लागते, नसेल तर काउंटरवर काढून टाकायला लावतात. तिकडे मिळतील."

म्हटलं, आणि थांबलो. हवा भरताना ती काडतुसं हाताला चटका बसेल इतकी गार होतात, म्हणून तर त्यांना कापडी मोजा येतो. काकांनीही त्याच क्षणी त्यांच्याकडे पाहिलं. या पोस्टचं डोकं वरून उघडं होतं, सीटचा क्लॅम्प काढल्यावर नळी आरपार दिसत होती.

हातमोजे चढवले. पोऱ्या आणि काका फ्रेम धरून तयार राहिले. मी शेवटचं तेल सांध्यावर सोडलं, नोझल नळीत घातलं आणि पहिलं काडतूस मोकळं केलं. नळीतून पांढरा धूर आला. लगेच दुसरं. पोस्टवर बाहेरून दव धरलं, मग त्याची पांढरी साय झाली. "आता!" दोघांनी जोर लावला. काहीच नाही. तिसरं काडतूस. काका बासष्टीचे, पण सहाशे किलोमीटर सायकल मारून आलेले पाय जमिनीत रोवून उभे होते. कुठेतरी टक् असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा आला, कारण तसाच आवाज पोस्टचं डोकं मोडतानाही येतो.

डोकं शाबूत होतं. फ्रेम बोटभर फिरली होती.

एकदा फिरली की मग कंटाळवाणं काम असतं. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, तेल, परत. करकर आवाजाने शेजारचा दुकानदार बघायला आला. चौथं काडतूस लागलंच नाही. पोस्ट बाहेर आली तेव्हा खालचा वीतभर भाग राखेने भरलेला होता. घासली, पाईप आतून पुसला, दोन्हीकडे ग्रीस फासलं. काकांनी पहिली गोष्ट कोणती केली? चिकटपट्टीवरची रेघ जागेवर आहे का ते पाहिलं.

पाच वाजता खोका बंद झाला. काट्यावर टांगला तर २४.६. काकूंनी न विचारता खोका पुन्हा उघडला. जाड कुलूप, तेलाची बाटली, एक जास्तीचा टायर आणि चकलीचा डबा बाहेर काढला. काका चकलीसाठी थोडे भांडले. २२.८ झालं. पोऱ्याने खोक्याच्या चारही बाजूंना काकांचं नाव, फोन आणि रांबुयेतल्या हॉटेलचा पत्ता लिहिला. पावणेसहाला गाडी आली.

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल. डावं पेडल बसत नव्हतं. उलटे आटे. मी काही बोललो नाही, पोऱ्या मात्र मागून मनापासून हसला.

नव्वद तासांत काका परतले नाहीत. ब्रेस्टला पोचले, वळले आणि परतीत लुदेआकला त्यांची मान पडली. लांब पल्ल्यात होतं असं, डोकं वर धरणारे स्नायू जवाब देतात, रस्ता दिसत नाही. तिथून कुणाच्या तरी गाडीने रेन शहरात आले आणि पुढे पॅरिसच्या टीजीव्हीसाठी, म्हणजे वेगवान रेल्वेसाठी, मला फोन. त्या रेल्वेत सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटीमीटरच्या पिशवीत न्यावी लागते, आणि खोका तर रांबुयेत. मी म्हटलं, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या आणि चिकटपट्टी घ्या, चाकं काढा, हँडल वळवा, पोस्ट काढा.

"पोस्ट एका हाताने निघाली," एवढंच म्हणाले.

सप्टेंबरात बिल द्यायला आले. मान अजून जरा कडकच. बिल बारकाईने वाचलं. पॅकिंग, फोम, तेल, ग्रीस, आणि 'सीटपोस्ट काढणे, सहाशे'.

"गॅस माझाच होता ना?"

"मजुरी आमची होती, काका."

"आणि प्रसरणाचा हिशोब कुणी केला?"

मी पाचशे केले. चौथं काडतूस त्यांनी मागून परत नेलं.