ऑडिओवाल्याकडं भाव करायचा म्हणजे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर भाव कसा करावा हे साडीच्या दुकानदारानं उघड सांगू नये. उद्या माझंच गिऱ्हाईक हे वाचून माझ्यासमोर येऊन बसायचं. प्रश्न नेहमीचाच असतो: "लाख-दीड लाखाचे स्पीकर घेता, त्या दुकानांत घासाघीस चालते का हो? आणि चालत असेल तर किती सुटतात?"

चालते, पण आमच्या बेळगावच्या खडेबाजारातली नाही. आमच्याकडं बाई कन्नडमध्ये "कडिमी माडरी" (कमी करा हो) म्हणतात, आम्ही "आगंगिल्री" (जमत नाही हो) म्हणतो, बाई पायरी उतरतात, आम्ही हाक मारतो. दोघांनाही आपापला भाग पाठ असतो, त्यामुळं कुणी मनाला लावून घेत नाही. हायएंड ऑडिओच्या दुकानातून उठून निघालात तर हाक येत नाही. तिथं दिवसाकाठी मोजकी माणसं येतात, एकेक जण दोन-दोन तास बसून ऐकतो, चहा पितो आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जातो. अशा माणसाला तुम्ही आत शिरल्या शिरल्या "शेवटचं किती?" विचारलंत, तर तो तुमचं नाव मनातल्या मनात कुठल्या यादीत टाकतो हे मी गल्ल्यामागं बसणारा माणूस असल्यामुळं नेमकं सांगू शकतो.

आधी खोक्यावरचा आकडा समजून घ्या. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचा स्टिकर असतो: नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत. ती कमाल आहे, तिच्याखाली विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण जागा किती आहे हे डीलर एकटा ठरवत नाही, मागं आयातदार बसलेला असतो. चालू मॉडेलवर डीलर थोडं स्वतःच सोडतो. त्यापुढं खेचायला लागलात की "कंपनीला विचारून सांगतो" सुरू होतं, आणि ते बऱ्याचदा खरंच असतं.

खरी सूट असते ती ऐकवायला मांडलेल्या नगावर, नाहीतर नवीन आवृत्ती यायच्या बेतात असलेल्या जुन्या मॉडेलवर. डेमोचा ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, वर्षभर वाजलेला असतो, त्यानं त्याचं काही बिघडत नाही. स्पीकरचं मात्र जवळून बघावं. जाळी काढायला सांगा, वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पडद्याच्या, कडेच्या रबरावरून नजर फिरवा, ट्वीटरला, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या पडद्याला, कुणाचं बोट लागून खळगा पडलाय का बघा, आणि मागच्या सिरियल नंबरवर वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरणार ते विचारा. बिलाच्या तारखेपासून धरत असतील तर असा नग सोडू नये. रंगाचाही फायदा होतो. सगळ्यांना अक्रोडी नाहीतर काळा हवा असतो. पांढरी जोडी गोडाऊनमध्ये पडून असते, तिच्यावर डीलर आपणहून बोलतो. आमच्या धंद्यातही न खपणारा रंग असाच जातो, फक्त आम्ही त्याला "यंदाची फॅशन" म्हणतो.

आता आपल्याकडचा खास प्रश्न: "महाराष्ट्रातनं आणलं तर स्वस्त पडतं काय?" १ जुलै २०१७ ला जीएसटी यायच्या आधी व्हॅटचे दर राज्याराज्यांत वेगळे होते, तेव्हा सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं घ्यावं की पलीकडं, याचा हिशेब करण्यात अर्थ होता. पेट्रोलला तो अजून आहे. ॲम्प्लिफायरला नाही. कर्नाटकातच घेतला तर केंद्राचे ९ टक्के अधिक राज्याचे ९, पुण्याहून मागवला तर एकदम १८, एवढाच फरक. त्यामुळं सीमेच्या पलीकडचा डीलर "आमच्याकडं टॅक्स कमी" म्हणाला तर तो तुम्हाला बिलाशिवाय द्यायच्या विचारात आहे असं समजा. तिथंही हिशेब नीट करा. "अठरा टक्के सुटतील" असं सांगतात, पण १,१८,००० च्या वस्तूत कर १८,००० असतो, म्हणजे तुम्ही देणार त्या रकमेच्या सव्वापंधरा टक्के. तेवढ्यासाठी वॉरंटी सोडायची, आणि पुढं विकताना कागद नाही म्हणून आणखी पाडून द्यायचं. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. पैसे बँकेतनं द्या. क्रेडिट कार्डावर डीलरला बँकेचा कट बसतो, त्यामुळं "कार्ड नको, थेट खात्यावर पाठवतो, आता बोला" हे वाक्य नुसत्या दहा टक्क्यांच्या मागणीपेक्षा जास्त काम करतं.

परदेशातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेला मालही याच हिशेबात बसतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अमेरिकेतून असा टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, आणवला. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनं. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी त्यांनी ट्रान्सफॉर्मर लावला, पण त्यानं हर्ट्झ बदलत नाहीत, आणि त्या टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झवरच चालणारी. तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेऊ लागली. पेटीच्या पांढरी चारचा षड्ज पांढरी दोनवर उतरला. मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी लावली तर बुवा आजारी असल्यासारखे ऐकू आले. स्वस्तात पडला म्हणून ते अजून सांगतात, आम्हीही मान हलवतो.

मी स्वतः कशासाठी भाव करतो ते सांगतो. बेळगावपासून पुणं साधारण साडेतीनशे किलोमीटर, बेंगळूर पाचशे. असली दुकानं तिकडं. पुण्यातल्या माणसाचा ॲम्प बिघडला तर तो रिक्षात घालून दुकानात नेऊन ठेवतो. आपल्याला दुहेरी खोकं शोधा, कोपऱ्यांना थर्माकोल लावा, ट्रान्सपोर्टला सोडा, आणि तिथला हमाल "नाजूक माल" हे अक्षर न वाचता खोकं उलटं ठेवतो ते डोळ्यांनी बघा. पाच टक्के जास्त सोडवून घेतले आणि दुरुस्तीला दोनदा माल पाठवावा लागला, तर पाच टक्के रस्त्यातच संपले. म्हणून किंमतीचं बोलणं मी लवकर आटोपतो आणि मग वही काढतो.

मागच्या ॲम्पच्या वेळी पुण्याच्या डीलरनं आधी "तुम्ही कर्नाटकातले, बेंगळूरहून का घेत नाही?" असा सूर लावला होता. मी म्हटलं, "बेंगळूरचे लोक कन्नडमध्ये नाही म्हणतात, तुम्ही मराठीत म्हणा." हसला, बसला. मी विचारलं, "सूट तुम्ही म्हणता तेवढीच राहू दे. पण वॉरंटीत बिघडला तर नेण्या-आणण्याचं भाडं कुणी द्यायचं?" त्यानं कॅल्क्युलेटर ओढला, बटणं न दाबताच बाजूला ठेवला आणि म्हणाला, "यायचं तुमचं, परत पाठवायचं माझं." मग मी पुढचं विचारलं: वाटेत आदळला तर विमा कुणाच्या नावावर? ५० हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर जातो म्हणजे वाहतुकीचं सरकारी ई-वे बिल लागणार, ते तुम्ही काढणार ना? आणि दुरुस्तीला महिना लागला तर तोवर मी काय ऐकू? या शेवटच्या प्रश्नावर तो जरा थांबला. त्याच्याकडं एक जुना, परत घेतलेला ॲम्प पडून होता, तो तात्पुरता द्यायचं कबूल केलं. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं, मगच पैसे सोडले. तोंडी कबूल केलेलं सहा महिन्यांनी दोघांच्याही लक्षात राहत नाही.

अशा गोष्टी डीलर मोकळ्या मनानं का देतो? कारण त्या त्याच्या खिशातल्या आहेत, आयातदाराला विचारावं लागत नाही. आणि आपण परत येणार हे त्याला त्यातून दिसतं.

एक मात्र मी करत नाही. एका दुकानात बसून तीन तास ऐकायचं, मॉडेल पक्कं करायचं, आणि त्याचा भाव दुसऱ्याला दाखवून चार हजार कमी करून घ्यायचे, हे काही जण मोठ्या कौतुकानं सांगतात. माझ्या दुकानात ठाण उलगडून घेऊन फोटो काढून जाणारी माणसं मी रोज बघतो. ऑडिओवाले मोजकेच आहेत, एकमेकांना फोन करतात, आणि पुढच्या वेळी तुम्हाला ऐकायची खोली "आज बुक आहे" असं कळतं. ज्यानं ऐकवलं त्यालाच सरळ सांगावं: अमुक ठिकाणी एवढ्याला मिळतोय, तुमच्याकडूनच घ्यायचाय, कुठवर येता? बरेचदा येतो.

ऐकायला जाताना आपलं संगीत घेऊन जा. ते लोक बहुधा एखादी इंग्रजी गायिका आणि डबल बास लावतात, त्यावर कुठलाही स्पीकर छान वाटतो. मी तानपुरा आणि तबल्याच्या डग्ग्याची मींड (घसरत जाणारा सूर) असलेलं ध्वनिमुद्रण नेतो. डग्गा नुसता घुमायला लागला की उठतो. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ठाऊक आहे हे डीलरला कळलं की भावाचं बोलणं निम्म्यावर येतं.

राहिल्या वायरी. सौदा ठरत आला की "वायर माझ्याकडून" असं डीलर म्हणतो, आणि तिची छापील किंमत ऐकून आपण खूश होतो. तीन मीटरच्या अंतराला चांगली जाड तांब्याची वायर पुरते. तेव्हा वायर नको म्हणा, त्याऐवजी बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरचे स्टँड मागा. तांब्याची वायर बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते, स्टँड मिळत नाहीत.