जिप्सी, भाग तिसरा: धनेगावचा गाळ आणि पुढचा एक्सल

मागच्या भागात गाडी विटांवर होती. आता चाकांवर आहे, पासिंग झालंय, आणि अंबाजोगाई ते धारूर अशी दोनदा जाऊन आली आहे. मधल्या आठ महिन्यांत तीन चुका केल्या. त्यातली एक महागात पडली, पण तिच्यामुळेच पुढचा एक्सल उघडला गेला. नाहीतर मी अजून बंपर आणि लायटींचे फोटो बघत बसलो असतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मारुती जिप्सी, २००६ चं मॉडेल, सॉफ्ट टॉप, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल सोडणारं) इंजिन, कागदावर ८० बीएचपी. दसऱ्याला घेतली. जिप्सी आपल्याकडे १९८५ ला आली आणि शेवटपर्यंत पुढे-मागे कमानपाटेच राहिले. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या मणक्याची कुणाला फिकीर नाही. पण वजन टनाच्या आसपास, चेसिस शिडीची, आणि लो (जास्त ताकदीचा, हळू चालणारा गिअर) टाकलं की चढावर क्लच न जाळता रांगते. मला तेवढंच पाहिजे होतं. आमच्याकडे बॅककंट्री वगैरे काही नसतं. पांदण असते, शिवरस्ता असतो, बालाघाटाचा मुरमाड उतार असतो आणि बाकी सगळी काळी माती.

पहिलं काम निघालं रेडिएटरचं. घेतली तेव्हा गाडी उन्हात तापायची. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, मग रेडिएटरच्या नळ्यांचं काय होत असेल? टाकी उघडली तर निम्म्या नळ्या क्षारानं बुजलेल्या. मिस्त्रीचाचांनी तार घालून बघितली, ती दोन इंचांवर अडली. नवीन कोअर बसवला. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारी झडप) शोधायला गेलो तर तो जागेवरच नव्हता. गाडी तापते म्हणून कुणीतरी काढून टाकलेला. हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत एकवेळ खपून जातो, पण एमपीएफआयमध्ये थंडीच्या दिवसांत हायवेला इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. मला नऊचा ॲव्हरेज मिळत होता, तो थर्मोस्टॅट टाकल्यावर अकराच्या वर गेला. आता निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं एक थेंब नाही.

पत्र्याचं फार लिहीत नाही, सगळ्यांच्या जिप्सीची कथा सारखीच असते. मॅट उचलली, खाली फोम, फोमखाली ओल, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली स्क्रू ड्रायव्हर दाबला तर सरळ जमीन दिसली. दोन्ही बाजूंचा फ्लोअर कापून अठरा गेजचा पत्रा मारला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा सॉकेट काढायला विसरू नका. डेंटर म्हणेल काही होत नाही. त्याचा ईसीयू नसतो.

आता पहिली चूक. जानेवारीत मला गाडी उंच करायची हौस आली. कमानीच्या दुकानात दोन इंच जास्त लांबीचे शॅकल (कमानीचं टोक चेसिसला टांगणारे दुवे) प्लेट कापून बनवून घेतले आणि चारही कोपऱ्यांना लावले. चाचा बघत होते. म्हणाले, "भैय्या, गाडी उंच करायची का नीट करायची? एक काहीतरी सांगा." मी हसलो. गाडी दिसायला झकास झाली आणि पन्नासच्या पुढं स्टिअरिंग हातात राहीना. वळण घेतल्यावर स्वतःहून सरळ व्हायचं नाव नाही, आणि रस्त्यावर एखादा सांधा लागला की पुढची चाकं डुगडुगायला लागायची.

कारण साधं आहे, ते मला आधी कळायला पाहिजे होतं. जिप्सीच्या पुढच्या कमानीचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की कमानीचं पुढचं टोक चेसिसपासून खाली जातं, एक्सल थोडा पुढं गोल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं कललेला कोन, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा करून बघा, हात सोडून चालवता येणार नाही. तसंच हे. शॅकल काढले, भंगारात दिले. त्याऐवजी कमान खोलून पाटे सुटे केले, मूळ कमान परत दिली, मेन पाटा नवा घेतला, मधल्या प्रत्येक पानाला ग्रीस, सगळे बुश आणि यू-बोल्ट नवे. गाडी एक इंचाच्या आसपास आपसूक वर आली. म्हणजे ती बसलेली होती, बुटकी नव्हती.

डुगडुग कमी झाली, पण गेली नाही. इथंच थांबून पुढचा एक्सल उघडायला पाहिजे होता. त्याऐवजी मी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी धनेगावला गेलो.

मांजरा धरणाचं पाणी उन्हाळ्याकडं मागं सरतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी लोक त्यात गाळपेर करतात. वरून बघितलं तर जमीन भेगाळलेली, कोरडी ठक्क, भेगेत हात जाईल एवढी फट. एक गाडीवाट दिसली, तिच्यानं पाण्याकडं निघालो. मेहुणा शेजारी बसून व्हिडिओ काढत होता. दोनशे फूट छान गेली. मग मागचं डावं चाक जरा खाली गेल्यासारखं वाटलं, मी लो टाकून पाय दिला, आणि ही दुसरी चूक. चिकणमातीत चाक गरगरवलं की ते घसरगुंडी तयार करतं. भिंती गुळगुळीत होतात, ट्रेड भरून जातो आणि टायर रिकामा रूळ होऊन फिरतो. अर्ध्या मिनिटात दोन्ही डिफरेन्शियल (एक्सलच्या मधले गिअरचे गोळे) जमिनीला टेकले. जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली गेला. स्टेपनी आडवी टाकून तिच्यावर जॅक ठेवला, तर स्टेपनीही गेली.

लांबून एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कामून घातली इथं?"

"वाट दिसली, काका."

"वाट ट्रॅक्टरची नाही, बैलगाडीची हाय, ती बी मागच्या वैशाखातली. वरून वाळलंय, खाली लोणी हाय. वाफसा बघायचा असतो का नाही?"

वाफसा. पेरणीच्या आधी प्रत्येक शेतकरी मातीचा गोळा मुठीत दाबून बघतो. गोळा फुटला तर वाफसा आलाय, बोटांना चिकटला तर औत घालायचं नाही. माझ्या आजोबांनी जन्मभर हेच केलं, आणि मी टायरच्या ट्रेडवर चार महिने वाचत होतो. आता गाडीतून उतरतो, टाचेनं वरची खपली फोडतो, खालची माती मुठीत घेतो. चिकटली की गाडी मागं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसून फाटते, त्यामुळे वरच्या भेगा खालचं काहीच सांगत नाहीत.

टोचन करताना काकांनी साखळी काढली. मी माझा पट्टा दिला, मागच्या चेसिसच्या हुकाला अडकवला, चाकांपुढचा गाळ खोऱ्यानं काढला आणि आल्या वाटेनंच गाडी मागं ओढून काढली. पट्टा किंवा साखळी बंपरला कधी बांधू नका, आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करा. काकांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यांच्याच घरी झाला, आणि तिथं सगळ्या घराला आमचा व्हिडिओ दाखवला गेला.

तिसरी चूक घरी आल्यावर. कंटाळा आला म्हणून गाडी तशीच चार दिवस उभी ठेवली. गाळ चाकांच्या आत, नकलच्या (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं त्या भागाच्या) मागं, ब्रेकच्या पत्र्यात वाळून दगड झाला. प्रेशरच्या पाण्यानं निघेना. आईचं खुरपं घेऊन एक-एक ढेकूळ फोडावं लागलं. डाव्या नकलच्या मागचं ढेकूळ सुटलं आणि त्याच्याबरोबर काळपट पातळ तेल ओघळलं.

ज्यांनी हे उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना पितळी तांब्याएवढा लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्यावर नकल फिरतं, वर आणि खाली एकेका किंगपिनवर, आणि प्रत्येक पिनला टेपर बेअरिंग. गोळ्याच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट. डिफरेन्शियलचं तेल इकडं येऊ नये म्हणून एक्सलच्या नळीत आत एक ऑइल सील, आणि बाहेरची माती आत जाऊ नये म्हणून गोळ्याला मागून चिकटून बसणारं दुसरं सील. माझं आतलं सील गेलेलं होतं. डिफचं तेल गोळ्यात येऊन ग्रीस पातळ करत होतं, आणि मागचं सील कडक होऊन तडकलेलं असल्यामुळं ते पातळ ग्रीस बाहेर आणि धनेगाव आत. बोटांवर घेऊन चोळलं तर कर्रकर्र वाजलं.

खालच्या किंगपिनचं बेअरिंग काढलं. बाहेरच्या कपावर रोलरच्या रेघा उमटलेल्या, नखाला लागतील एवढ्या खोल. सरळ चालताना रोलर त्याच रेघांत बसून राहतात, म्हणून ती डुगडुग. शॅकलनं फक्त ती उघडी पाडली होती.

दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगं, आतली-बाहेरची सीलं, व्हील बेअरिंगं सगळं नवं. काही भाग दिल्लीहून मागवले, यायला तीन आठवडे लागले, आणि पहिल्या पार्सलात एका विक्रेत्यानं दोन्ही सीलं एकाच बाजूची पाठवली. तो वाद सोडून देऊ. गोळा काचेच्या पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला. त्यावर गंजाचे खड्डे राहिले तर नवं सील सहा महिन्यांत फाटणार.

मग शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती. वरच्या किंगपिनखाली किती जाड शिम घालायची यावर बेअरिंगचा ताण ठरतो. चाचा हातानं हलवून सांगतात, आणि त्यांचा अंदाज बहुतेक बरोबर येतो. मी मात्र गल्लीतल्या रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला. बाहेरचं सील न लावता, स्टिअरिंगचा रॉड सोडून, नकलच्या टोकाला काटा अडकवला आणि हळू ओढला. पहिल्यांदा अर्धा किलोवरच फिरलं. एक शिम काढली, दीड किलोच्या आसपास आलं, तिथं थांबलो. चाचांनी हातानं हलवून बघितलं आणि म्हणाले, "हेच तर मी म्हणत होतो." रद्दीवाल्यानं काटा परत घेताना ग्रीस बघून जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

डुगडुग गेली. ऐंशीला एका हातानं चालते.

तेलाचं एक. डिफरेन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचं, गिअर बॉक्समध्ये जीएल-४. सगळीकडं एकच डबा ओतू नका, काही जीएल-५ तेलं गिअर बॉक्समधल्या पितळी सिंक्रोला (गिअर जुळवणाऱ्या रिंगांना) मानवत नाहीत. आणि दोन्ही डिफच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती वर नेली, पुढची बोनेटखाली, मागची टेललॅम्पच्या मागं. तापलेला डिफ ओढ्यातल्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेच झालेलं असतं. माझ्या मागच्या डिफचं तसंच निघालं. खर्च दीडशे रुपये, आणि अख्ख्या कामात मला सगळ्यात पटलेला बदल हाच.

टायर. कंपनीचा २०५/७० आर १५, मी २१५/७५ आर १५ ऑल टेरेन घातले. व्यास ६६८ मिलिमीटरवरून ७०३ च्या जरा वर जातो, म्हणजे डिफ जमिनीपासून साधारण १८ मिलिमीटर वर आला. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो. काटा साठवर असला की गाडी त्रेसष्टनं चाललेली असते. याहून रुंद टायर घ्या असं बरेच जण म्हणाले. वाळूत बरोबर आहे. आमच्याकडं पातळ चिखलाखाली वीतभरावर मुरूम लागतो, तिथं अरुंद टायर कापत खाली जाऊन पकड घेतो. जिथं मुरूम लागतच नाही, त्या गाळात कुठलाच टायर चालत नाही. हवा रस्त्याला २६ पीएसआय, पांदणीला १८.

रीपासिंगला गाडी नेली तेव्हा पुढं लोखंडी गार्ड नव्हता, फेंडर कापलेले नव्हते, उंची मूळचीच. जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर (कंपनीच्या मूळ गाडीत बदल करायला मनाई) बोट ठेवलं तर वाद घालायला जागा उरत नाही. पर्यावरण कर भरला, पाच वर्षांचा शिक्का घेतला, बाहेर येऊन रसपान केलं.

धारूरच्या अलीकडं बालाघाटात एक पांदण आहे, सीताफळाच्या झाडांमधून वर पठारावर जाते. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी गेलो. पुढची चाकंही ओढावीत म्हणून त्यांचे हब हातानं लॉक केले, लो टाकलं, दुसऱ्या गिअरात पाय न देता चढली. सुटे दगड, मध्ये पाण्यानं कापलेली घळ, एक चाक हवेत. पाटे कुरकुरले नाहीत. वर पठारावर मुरूम संपला आणि पुढं काळं रान लागलं, नुकतं मोगडलेलं. उतरलो, टाच मारली, मूठ दाबली. बोटांना चिकटलं. मेहुणा म्हणाला, "शंभर फूटच तर आहे, पलीकडं परत रस्ता दिसतोय." गाडी वळवली आणि झाडाखाली डबा सोडला.

काल रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता. सकाळी बघितलं. पुढचे दोन्ही गोळे कोरडे. मागचा डिफ कोरडा. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागच्या बाजूखाली रुपयाएवढा एक डाग. प्रोपेलर शाफ्ट सोडून फ्लँजचं सील बदलावं लागेल. सीलचा नंबर चाचांना पाठवलाय, दोन्ही बाजूंचं विचारून घ्या असंही लिहिलंय.