आमची वाटचाल: वीस बाइटची फाइल

ही फर्म दोघांनी मिळून काढली. क्लाउडवरची छोटी ॲप्लिकेशन्स बांधून द्यायची आणि पुढे सांभाळायचीही. कोड मी लिहायचो, ऑटोमेशन भागीदार बघायचा. टेराफॉर्म (क्लाउडवरची मशिनं कोडने उभारणारं साधन), क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारं), बॅश (कमांडच्या स्क्रिप्ट लिहायची भाषा). त्याचा हात जलद होता, हे आजही मान्य करतो. पहिली चार वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाचव्या वर्षी एका पहाटे टेस्टचे जुने डेटाबेस पुसणारी स्क्रिप्ट चालली. रोजचीच. कोणते डेटाबेस पुसायचे ते ती टॅगवरून, म्हणजे त्यांना लावलेल्या खुणेवरून, शोधायची. त्या दिवशी नेमकं टॅगचं व्हेरिएबल रिकामं आलं. ग्रेपला (ओळींत शब्द शोधणाऱ्या कमांडला) रिकामा शब्द दिला की प्रत्येक ओळ जुळते, त्यामुळे प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहकांचा खरा, चालू डेटाबेसही यादीत आला. वर ‘स्किप फायनल स्नॅपशॉट’, म्हणजे पुसण्याआधी शेवटची प्रत काढू नको, असं घातलेलं, कारण टेस्टचा शेवटचा स्नॅपशॉट कोण जपून ठेवतो! डेटाबेस गेला. वेगळे राखून ठेवा असं सांगितलं नव्हतं, म्हणून त्याचे ऑटोमॅटिक बॅकअपही गेले.

तरी मी निवांत होतो. पीजीडंपचा (आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) स्वतंत्र बॅकअप रोज रात्री निघत होता. फोल्डर उघडलं. फायली तारीखवार, नीट लावलेल्या, आणि प्रत्येकीचा आकार २० बाइट. आत काहीच आलं नाही तर जीझिप (फायली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) एवढीच फाइल बनवतं. अडीच महिन्यांपूर्वी आम्ही पोस्टग्रेसची आवृत्ती वाढवली होती, बॅकअपच्या मशिनवरचं पीजीडंप मात्र जुनंच राहिलं. ते नव्या सर्व्हरला हात लावत नाही, एरर देऊन थांबतं. पण पाइपच्या, म्हणजे एकाचं आउटपुट पुढच्याला देणाऱ्या साखळीच्या, शेवटी जीझिप, त्याचं काम यशस्वी, म्हणून स्क्रिप्टही यशस्वी. एररचे मेल नकोत म्हणून त्या डेव्हनलमध्ये (जे टाकाल ते गिळणाऱ्या फाइलमध्ये) सोडलेल्या. कोणी सोडल्या ते लिहीत नाही. आधीच्या खऱ्या फायली ६० दिवसांच्या नियमाने केव्हाच पुसल्या गेल्या होत्या.

दोन आठवड्यांत भागीदाराने वेगळी फर्म काढली आणि आमचे तीन ग्राहक नेले. ‘त्यांना साधे बॅकअप जमत नाहीत’ असं सांगून! स्क्रिप्ट त्याची होती. मी ती न वाचता मर्ज केली, म्हणजे आमच्या कोडमध्ये घेतली होती, हेही खरं.

वाचलो ते वजनकाटे तपासणाऱ्या एका ग्राहकामुळे. हे गृहस्थ दर सोमवारी सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घ्यायचे. आम्ही मनातल्या मनात हसायचो. त्यांनी सगळ्या शीट पाठवल्या, आणि न मागता पुढच्या वर्षाचे पैसेही. बाकीच्यांचा डेटा आम्ही मेलवर गेलेल्या पीडीएफ पावत्यांवरून रात्री जागून भरला. सगळा नाही भरला.

आता प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ ‘सेट -ईयूओ पाइपफेल’. त्याने पाइपमधली एखादी कमांड फसली तरी स्क्रिप्ट थांबते. ‘यू’मुळे व्हेरिएबल ठरलेलंच नसेल तर काम थांबतं, पण ठरवून रिकामं सोडलेलं त्याला चालतं, ते वेगळं तपासा. प्रॉडक्शनवर डिलीशन प्रोटेक्शन (पुसू न देणारं सेटिंग) लावा, आणि पुसणाऱ्या स्क्रिप्टला प्रॉडक्शनची परवानगीच देऊ नका. दर आठवड्याला बॅकअप कोऱ्या मशिनवर उतरवून ओळी मोजा. फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही.

मध्यंतरी नव्या मुलाने विचारलं, हे एक्सेलचं बटण एकच ग्राहक वापरतो, काढू का? मी त्याला फोल्डर दाखवलं. त्या २० बाइटच्या फायली अजून ठेवल्या आहेत.