आधी साल, मग रक्कम

सुटे पैसे हातात पडले की शहाणी माणसं ते मोजून घेतात. मी नाण्यांवरची सालं बघतो. रक्कम बरोबर आहे की नाही हे कळायच्या आत एका नाण्याच्या सालाखाली तारा आहे, दुसऱ्याच्या खाली काहीच नाही आणि तिसऱ्याची कड नको तिथे चपटी आहे, एवढं माझं बघून झालेलं असतं. समोरच्या माणसाला वाटतं, हा हिशेब लावतोय. लावतो खरा, पण वेगळा.

ही जमात जगात सगळीकडे आहे. जिथे नाणी चालतात तिथे मोड उलटसुलट करून बघणारा एक तरी माणूस असतोच. पन्नास नाण्यांत काही निघालं नाही म्हणून तो थांबत नाही, एक्कावन्नावं जास्तच उत्सुकतेनं उलटतो. बाकीचे लोक त्याच्याकडे कौतुकानं किंवा दयेनं बघतात आणि मग हमखास विचारतात, ‘आमच्याकडे आजोबांच्या वेळचं एक नाणं आहे, लाखाला जाईल का हो?’

नाही जाणार, हे उत्तर बहुतेक वेळा नाणं न बघताही देता येतं. जुनं म्हणजे मौल्यवान, ही समजूत इतकी घट्ट आहे की ती सोडवताना माझीच दमछाक होते. सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळातलं रोमन तांब्याचं नाणं सतराशे वर्षांचं असतं. पण अशी नाणी मडक्यांच्या मडक्यांनी जमिनीतून निघालेली आहेत, त्यामुळे साधं, झिजलेलं नाणं कोणीही सहज विकत घेऊ शकतो. उलट २००८ साली ब्रिटनमध्ये निघालेलं वीस पेन्सचं एक नाणं वयानं अगदीच पोरगेलं, तरी त्याला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव आला. त्या वर्षी नाण्यांची चित्रं बदलली आणि मागच्या बाजूचं साल पुढच्या बाजूला आणायचं ठरलं. टांकसाळीत काही नाण्यांवर मागचा ठसा नवा आणि पुढचा जुना असा जोड पडला. नव्या ठशावर साल नव्हतं, जुन्या ठशावरही नव्हतं. नाणं बिनसालाचंच बाहेर पडलं. ब्रिटनमध्ये तीनशेहून अधिक वर्षांत असं झालं नव्हतं. साल बघणाऱ्यांना न दिसलेल्या सालानं भाग्य दिलं, ही गोष्ट मला फार आवडते.

दुसरी समजूत याहून चिवट आहे. सरकारनं कुणाच्या स्मरणार्थ काढलेलं देखणं नाणं जपून ठेवलं तर पुढे त्याचे पैसे होतील, ही ती समजूत. इथे १९६४ चा अमेरिकेतला केनेडी अर्धा डॉलर आठवावा. अध्यक्षांची हत्या नुकतीच झालेली, देश हळहळत होता, नाणं चांदीचं. लोकांनी ते मिळेल तिथून उचललं आणि कपाटात टाकलं. त्या एका वर्षाच्या सालाची चाळीस कोटींहून अधिक नाणी पाडली गेली. ती खर्च कोणी केली नाहीत, त्यामुळे झिजली नाहीत, हरवली नाहीत. आज त्यातल्या साध्या नगाला जी किंमत येते ती मुख्यतः चांदीची. आठवणीची किंमत ज्याची त्यानं धरायची.

याच्याही पुढची गंमत १९५० च्या पाच सेंटच्या नाण्यात आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या टांकसाळीनं त्या वर्षी ते फक्त सव्वीस लाखांच्या आसपास पाडलं, जेफरसनचं चित्र असलेल्या त्या मालिकेतला तेव्हाचा सर्वांत कमी आकडा. बातमी लगेच फुटली. लोकांनी बँकेतून कोऱ्या नाण्यांच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या उचलल्या, भाव चढवला, १९६४ च्या सुमारास तो चांगलाच चढला आणि मग धाडकन पडला. कारण ज्याला हवं होतं त्याच्याकडे ते होतंच, आणि तेही कोरं करकरीत. आता त्या सालाचं चकचकीत नाणं मिळवणं सोपं आहे. अवघड आहे ते चांगलं वापरलेलं, खिशाखिशांतून फिरून झिजलेलं मिळवणं. जपणाऱ्यांनी मिळून दुर्मीळतेचं पार वाटोळं केलं.

तेव्हा माझा ठोकताळा असा आहे: सगळ्यांनी जपलेलं नाणं दुर्मीळ होत नाही, सगळ्यांनी बेफिकिरीनं खर्च केलेलं होतं. २००९ साली लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानाच्या अडीचशे वर्षांनिमित्त पन्नास पेन्सचं नाणं निघालं, त्यावर तिथला उंच पॅगोडा. ते फक्त २ लाख १० हजार पाडलं गेलं, पण तेव्हा हा आकडा कोणाच्या ध्यानात आला नाही. लोकांनी ते गल्ल्यात दिलं, बसच्या तिकिटाला दिलं. काही वर्षांनी आकडा गाजला आणि सगळे आपापल्या बरण्या उपसायला बसले, तोपर्यंत ते सरमिसळ होऊन गेलं होतं. १९३३ ची ब्रिटिश पेनी तर याहून टोकाची. बँकांत पेनी आधीच इतक्या साठल्या होत्या की त्या वर्षी नव्याची गरजच नव्हती, म्हणून इमारतींच्या पायात त्या सालाची खूण म्हणून ठेवण्यासाठी वगैरे मोजक्याच पाडल्या. हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. नको होती म्हणून दुर्मीळ झाली.

साल आणि आकडा इथपर्यंत पुस्तकी काम आहे. टांकसाळीची खूणही त्यातच. भारतीय नाण्यांवर सालाखाली मुंबईची पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नसणं. जर्मन नाण्यांवर बर्लिन, म्युनिक, हॅम्बुर्ग अशा टांकसाळींची अक्षरं. एकाच सालाचं नाणं एका टांकसाळीनं भाराभर आणि दुसरीनं चिमूटभर पाडलेलं असू शकतं, म्हणून ही खूण बघायची. पण खरी मजा चुकलेल्या नाण्यांत आहे आणि तिथे पुस्तक संपतं, भिंग सुरू होतं.

नाणं कसं पडतं हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मे भ्रम गळून पडतात. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलतात. मग ती बांगडीसारख्या कड्याच्या आत बसते, वरून आणि खालून ठसे आपटतात, झालं नाणं. म्हणजे चूक व्हायला जागा तीनच: चकती, ठसा, आपटणं. हातातल्या नाण्यावरचं व्यंग या तिन्हींपैकी कुणामुळे झालं असेल, हे सांगता आलं नाही तर ते बहुधा टांकसाळीनंतर कोणाच्या तरी हातोडीनं, चाकाखाली सापडून किंवा कंटाळलेल्या पोरानं केलेलं असतं. वाकडं, भोक पाडलेलं, रंगवलेलं, तापवलेलं नाणं म्हणजे खराब नाणं. त्याला चूक म्हणत नाहीत.

मला एकदा कडेला चावा घेतल्यासारखं अर्धगोल तुटलेलं नाणं मोडीत मिळालं. असं खरंच होतं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पुढची चकती कापताना पंचाचं तोंड आधीच्या भोकावर येतं आणि चकती जन्मतःच चंद्रकोरीइतकी कमी पडते. पण याची एक खूण असते. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला चावा असला तर तिथे दाबायला काही सापडत नाही, आणि म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही नीट उठत नाही, फिकी राहते. तेव्हा चाव्याकडे बघायचंच नाही, त्याच्या समोर बघायचं. माझ्या नाण्याची समोरची कड भरदार, ठसठशीत होती. चाव्याच्या आतल्या बाजूला भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे दिसले. कानशीचे. कुणीतरी बसून निवांतपणे ते काम केलं होतं. मी ते नाणं ठेवलं आहे. कारागिरी वाईट नाही.

चुका मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या की गोष्टी तयार होतात. १९५५ साली अमेरिकेत एका ठशावर अक्षरं आणि साल किंचित फिरवून दोनदा उमटली. लक्षात येईपर्यंत वीस-एक हजार सेंट इतर नाण्यांत मिसळले होते. त्यातले बरेच सिगारेटच्या यंत्रातून लोकांच्या हाती गेले. पाकिटाची किंमत पंचवीस सेंटला थोडी कमी, म्हणून उरलेले सुटे सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टणातच घालून दिलेले असत. सिगारेट ओढणाऱ्यांना शौकाचे पैसे परत मिळण्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग.

१९४३ ची कथा तर प्रसिद्धच आहे. तांबं युद्धाला हवं म्हणून त्या वर्षी अमेरिकन सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. पण आधीच्या वर्षीच्या काशाच्या थोड्या चकत्या कुठेतरी अडकून राहिल्या होत्या, त्यांवरही १९४३ उमटलं. १९४७ साली एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या खानावळीतल्या मोडीत असा एक सेंट मिळाला. फोर्ड कंपनी अशा नाण्याच्या बदल्यात नवी मोटार देते, अशी तेव्हा आवई होती. त्यानं कंपनीला विचारलं, तिनं कानावर हात ठेवले. सरकारला विचारलं, तर १९४३ चे सगळे सेंट पोलादी आहेत असं उत्तर आलं. त्यानं ते नाणं जन्मभर सांभाळलं. २०१९ च्या लिलावात ते २ लाख ४ हजार डॉलरना गेलं.

अशा गोष्टीमागून बनवेगिरी येतेच. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देतात, किंवा १९४८ च्या खऱ्या तांब्याच्या सेंटवरचा आठ तासून तीन करतात. पहिल्याला लोहचुंबक पुरतं, दुसऱ्याला भिंग, कारण त्या वर्षीच्या तीनची शेपटी लांब खाली गेलेली असते आणि तासलेल्या आठातून ती काही निघत नाही. खेळण्यातल्या लोहचुंबकानं असे किती संसार वाचवले असतील कोण जाणे.

सालही बरोबर, चूकही खरी, तरी किमतीचा अर्धा भाग अजून शिल्लकच असतो: अवस्था. टांकसाळीतून नुकतंच आलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून सावकाश हलवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरतात. ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे किंचित वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेघा मागे राहतात, त्यांचं हे फिरणं. काही दिवस खिशात फिरलं की आधी गालाचं हाड, कान, कपाळ अशा उंच जागांवरून ही तकाकी जाते. आणि चिंच, राख, टूथपेस्ट यांनी घासलं की एका झटक्यात सगळीकडून जाते. घासलेलं नाणं चकाकतं खरं, पण पट्टे फिरत नाहीत. जाणकार ते हातात घेतो, एकदा तिरकं करतो आणि काही न बोलता परत देतो. एवढ्यात सगळं आलं.

अवस्थेला आकडा द्यायची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली आणली. एक ते सत्तर. जेमतेम ओळखू येणारं नाणं एक, निर्दोष ते सत्तर, आणि सत्तरवाल्याची किंमत एकवाल्याच्या सत्तर पट, असं त्याचं सरळ गणित. गणित लवकरच कोसळलं, आकडे मात्र टिकले. या शेल्डननं एका संस्थेच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी उचलून त्यांच्या जागी कमी प्रतीची ठेवली होती, हे नंतर उघडकीला आलं. दोन नाण्यांतला फरक त्याच्याइतका कुणाला कळत असणार!

राहिला भाव. तो ठरतो विकल्या गेलेल्या नाण्यांवरून, मागितलेल्या रकमेवरून नाही. जाहिरातीत कुणीही कितीही मागावं. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२ च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती भारतात पिकल्या, आणि तेच नाणं लोकांच्या हातात मोड म्हणून येत राहिलं. पुढे आपल्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांवर शुल्क आणि दलाली उकळली जाते आहे, आम्ही असलं काही करत नाही, असं २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं. नाणं विकत घेतो म्हणणारा जर आधी तुमच्याकडून पैसे मागत असेल तर त्याचा धंदा नाण्यांचा नाही, हे कळायला भिंग लागत नाही.

चलनातल्या पन्नास पेन्सच्या नाण्यांत सर्वांत कमी निघाल्याचा क्यू गार्डन्सचा मान आता गेला आहे. २०२३ चं, सामन माशाचं चित्र असलेलं पन्नास पेन्सचं ब्रिटिश नाणं फक्त २ लाख निघालं. फरक एवढाच की या वेळी आकडा लवकरच जाहीर झाला. साहजिकच ते ज्याच्या हातात पडलं त्यानं परत दिलं नसणार. पन्नास वर्षांनी त्यातले बहुतेक मासे तजेलदार निघतील, असं माझं भाकीत आहे.

म्हणून मी हल्ली उलटा उद्योग सुरू केला आहे. ज्याच्यावर कोणाचं चित्र नाही, कसलं वर्धापन नाही, ज्याकडे कुणी वळूनही बघत नाही, असं चालू वर्षाचं अगदी रटाळ नाणं कोरं मिळालं की मी ते डबीत टाकतो. अडचण इतकीच की घरात सुट्यांची टंचाई झाली की पहिला हात त्याच डबीत जातो. दुर्मीळतेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे म्हणा, पण ते दुसऱ्यांच्या घरी व्हायला हवं.