गोल्ड कार्डवाले साहेब

कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर डिसेंबर वेगळाच असतो. एरवी "कशानेही पाठवा, वेळेत पोचलो म्हणजे झालं" म्हणणारे लोक या महिन्यात विमान कंपनीचं नाव घेऊन तिकीट मागतात. एकाच विमान कंपनीने वारंवार उडणाऱ्यांसाठी तिची पॉइंटची योजना असते, आणि भरपूर उडणाऱ्याला 'गोल्ड' कार्ड मिळतं. वर्ष संपायच्या आत ते गोल्ड टिकवायचं असतं ना!

असेच एक वरिष्ठ साहेब. थेट विमान होतं, स्वस्तही. त्यांना मात्र त्यांच्या कार्डाच्याच विमान कंपनीचं, मध्ये एक थांबा असलेलं, जवळजवळ दीडपट भाड्याचं हवं होतं. मी नियम दाखवला. "मॅडम, कार्ड गेलं तर वर्षभर रांगेत उभा राहीन!" वरून मंजुरी आली, तिकीट काढलं.

पैसे ऑफिसचे, पॉइंट साहेबांचे. योजनेची खरी मेख हीच. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये 'अ‍ॅडव्हांटेज' सुरू केली तेव्हा मैल उडालात की मैल जमा, असा सरळ हिशोब होता. पुढे २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, २०१६ मध्ये अमेरिकननेही तिकिटाच्या रकमेवर पॉइंट द्यायला सुरुवात केली. म्हणजे महागडं तिकीट काढेल त्याला जास्त फायदा. बिल दुसरा भरत असेल तर हात आखडायचा कशाला?

त्या रात्री थांब्याच्या विमानतळावर बर्फ पडला आणि पुढचं विमान रद्द झालं. मी फोन हातात घेईपर्यंत साहेबांना पहाटेच्या विमानात जागा मिळालीसुद्धा. त्याच विमानातल्या आमच्या नव्या मुलीला, साधं तिकीट असल्यामुळे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. कार्डाची ताकद अशा वेळी दिसते, हे मान्य. थेट विमान मात्र वेळेवर उतरलं होतं.

जानेवारीत साहेब पुन्हा आले. सुट्टीत सहकुटुंब जायचं होतं, पॉइंटवर. त्या तारखांना एका जागेला इतके पॉइंट लागत होते की चौघांत दोघांचीच सोय झाली असती. हे चलन विमान कंपनीच छापते, त्याचा भावही तीच ठरवते आणि गर्दीच्या दिवसांत वाढवते. तिच्या दृष्टीने मात्र योजना सोन्याची खाण: २०२० मध्ये प्रवासी आटले तेव्हा युनायटेडने आपली 'माइलेजप्लस' योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले.

नंतर आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: स्वस्त पर्याय नाकारण्याचं कारण. साहेबांनी पहिल्याच वेळी लिहिलं, 'सोय'. मंजुरी मिळाली.