नारिंगी की पिवळं

मी यंत्रांची इंग्रजी मॅन्युअलं लिहिते. या कामाला भारी इंग्रजी लागतं असा लोकांचा समज असतो. उलट आहे. एकच शब्द पुन्हापुन्हा वापरू नये, हे शाळेत शिकलेलं आधी विसरावं लागतं. दुसऱ्या पानावर 'इन्स्पेक्ट' आणि पाचव्यावर त्याच कामाला 'चेक' लिहिलं, की मेकॅनिक धरून चालतो, कामं दोन आहेत. विमानांच्या देखभालीसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' बांधलं गेलं, त्यात 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणं. सूचना पाळायच्या तर 'ओबे'च. 'रिप्लेस' तर माझा जुना वैरी. फिल्टर पुसून परत बसवला तरी रिप्लेस, नवा आणून बसवला तरी रिप्लेस!

पण खरी भांडणं होतात ती धोक्याच्या शब्दांवरून. डेंजर, वॉर्निंग, कॉशन: बाहेरच्या माणसाला तिन्ही म्हणजे 'सावधान'. आम्ही पाळतो त्या अमेरिकी मानकात, एएनएसआय झेड535 मध्ये, मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच तिथे डेंजर, लाल. होऊ शकते तिथे वॉर्निंग, नारिंगी. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते तिथे कॉशन, पिवळं. नुसतं यंत्र बिघडणार असेल तर नोटिस, निळं.

त्या दिवशीचा वाद एका पॅकिंग मशीनच्या क्लॅम्पचा. तो हवेच्या दाबावर चालतो आणि मशीन बंद केलं तरी सिलिंडरमध्ये दाब उरतो. अडकलेला खोका काढायला कुणी हात घातला, तर जबडा मिटू शकतो. डिझाइनरने लिहिलं होतं 'कॉशन, पिंच पॉइंट'. मी केलं 'वॉर्निंग, क्रश हॅझर्ड'.

मीटिंगमध्ये विक्रीवाले उखडलेच. नारिंगी लेबल बघून गिऱ्हाईक बिचकतं, म्हणे. प्रत्येक खात्यात असा एक माणूस असतोच, ज्याला शब्द म्हणजे रंगरंगोटी वाटते. "दोन्हींचा अर्थ एकच ना?" त्याने विचारलं. मी त्याला 1990 सालचं आव्हिआन्का या कोलंबियन कंपनीचं विमान सांगितलं. न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालताना त्याचं इंधन संपत आलं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' हा शब्द काही उच्चारला नाही. विमान पडलं, 158 जणांपैकी 73 गेले. कारणं आणखीही होती, पण नियंत्रकांच्या कानाला त्या दोन शब्दांत केवढं तरी अंतर होतं. तो म्हणाला, "आपलं विमान नाहीये."

डिझाइनर मात्र गप्प होता. 'पिंच' म्हणजे चिमटा बसेल, 'क्रश' म्हणजे चेंगरेल. मी त्याला एवढंच विचारलं, यातलं काय होईल? त्याच्याकडे आकडा नव्हता. आम्ही सगळे खाली गेलो. टेक्निशियनने मशीन बंद केलं आणि जाड लाकडी पट्टीने अडकलेला खोका ढोसला. जबडा मिटला. पट्टीचे दोन तुकडे झाले, एक मशीनखाली गेला. लाकूड म्हणजे हाड नव्हे, हे विक्रीवाल्यांनी तिथेही ऐकवलंच.

पुढच्या आठवड्यात डिझाइनरने लेबल बदललं नाही, मशीनच बदललं. वीज जाताच सगळी हवा सोडून देणारा व्हॉल्व्ह बसवला. खरं तर क्रम हाच: आधी धोका काढा, मग झाकण लावा, लेबल सगळ्यात शेवटी. नव्या मशीनवर पिवळं लेबल आलं आणि मीच त्यावर सही केली. विक्रीवाल्यांना वाटतं ते जिंकले.

राहिली आधी विकलेली मशीनं. त्यांच्यासाठी व्हॉल्व्हचं किट आणि सोबत पत्र. मी लिहिलं, किट 'मस्ट बी इन्स्टॉल्ड'. कायदा विभागाने 'मस्ट' खोडून 'रेकमेंडेड' केलं. 'मस्ट' म्हटलं तर आपण दोष कबूल केल्यासारखं होतं, म्हणे. मी 'रिक्वायर्ड' सुचवलं. शेवटी पत्र गेलं ते 'स्ट्राँगली रेकमेंडेड' असं. माझ्या मते हे 'स्ट्राँगली' तिथे काडीचं काम करत नाही. शिफारस ही शिफारसच, ऐच्छिक. तसं मी लेखी कळवलं आहे. किट कुणी मागवलं का, हे सर्व्हिसवाल्यांना अधूनमधून विचारते. ते म्हणतात, मागवतील हळूहळू.