पायांतून रस्ता दिसतो, म्हणजे चित्र अपुरं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या ‘कामावरून घरी परतणारे कामगार’ या चित्रात माणसांच्या पायांतून चक्क रस्ता दिसतो. ते अर्धवट सोडलंय का, असं बरेच जण विचारतात.

नाही सोडलेलं. १९१३-१४ सालचं हे तैलचित्र, सुमारे दोन मीटर उंच, सव्वादोन मीटर रुंद. मुंक तेव्हा नॉर्वेतल्या मॉस या कारखान्यांच्या गावाजवळ भाड्याच्या घरात राहत होता. चित्रात कारखान्याची पाळी सुटलीय, रस्ता भरून माणसं आपल्या अंगावर येतायत. आठ तासांचा दिवस नॉर्वेत कायद्याने आला तो १९१९ मध्ये. हे चेहरे त्याच्या आधीचे आहेत.

गंमत नजरेच्या उंचीत आहे. चेहरे आपण समोरून बघतो, पावलं मात्र वरून. खात्री करायची तर छापील प्रत घ्या आणि खालचा अर्धा भाग तळहाताने झाका. उरतो तो दमलेल्यांचा जवळजवळ स्थिर घोळका. हात काढलात की रस्ता सरकायला लागतो.

पाय पारदर्शक का, तेही यातूनच कळतं. तैलरंग पातळ केला की खालचा थर झाकला जात नाही. त्यामुळे उचललेलं पाऊल आणि त्याखालची जमीन एकाच जागी दिसतात. नक्कल करणारे नेमके इथे फसतात: पायांना पक्की बाह्यरेषा देतात, आत रंग ठासून भरतात, आणि माणसं बसथांब्यावर उभी असल्यासारखी दिसू लागतात. फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवला तरी तेच होतं. पातळ रंग काळवंडतो नि पायांचे खांब होतात.

व्हार्निशचंही, म्हणजे चित्रावर वरून देतात त्या चकचकीत पारदर्शक थराचंही, तसंच. मुंकला चकचकीत पृष्ठभाग आवडत नसे. तो कॅनव्हास उघड्यावर ऊनपावसातही ठेवायचा, आणि या प्रकाराला ‘घोड्याचा इलाज’, म्हणजे जालीम उपाय, म्हणायचे! व्हार्निश लावलं की रंग गडद होतात आणि कोरडी, मातकट छटा जाते.

ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात कधी गेलात तर आधी पाच-सहा पावलं मागे थांबा. मग जवळ जा. दुरून चालता वाटणारा पाय जवळून नुसते चार-दोन सैल फटकारे असतो.